तांबूस झालेले रुपये आणि माझी एक ओळ

रशीदभाई,

या कागदाच्या माथ्यावर कोणत्याही साहेबांचा हुद्दा नाही, विषय नाही, संदर्भ नाही. जळगाव जामोदच्या तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून मी गेली सव्वीस वर्षे लिहितो आहे, परंतु जे लिहिले ते सारे दुसऱ्याच्या तोंडचे. खाली अंगठा दुसऱ्याचा, तक्रार दुसऱ्याची, आणि मिळालीच तर दादही दुसऱ्याला. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी या तालुक्यात माझ्या मसुद्याला वजन आहे, हे खुद्द नायब तहसीलदारांनी चारचौघांत बोलून दाखवले आहे. असे असूनही स्वतःच्या नावाने चार ओळी लिहायला बसलो, तर सुरुवात कशी करावी ते सुचेना.

तुम्ही हे वाचणार नाही, याचे मला फारसे नवल वाटत नाही. हयात असतानाही तुम्ही माझा एकही अर्ज शेवटपर्यंत ऐकला नाहीत. मी दुसऱ्या परिच्छेदावर आलो की तुम्ही हात वर करायचे आणि म्हणायचे, "बस कर बे मुन्शी, इथपर्यंत येता येता साहेब झोपला अशीन."

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तुमच्या मुलाम्याच्या दुकानाचे शटर खाली आहे. दागिने धुवायच्या रिठ्याच्या पाण्याचा आणि ते पुसायच्या ओल्या भुशाचा जो वास गल्लीच्या तोंडाशीच लागायचा, तो दुसऱ्या आठवड्यातच नाहीसा झाला. माणसापेक्षा वास थोडा जास्त टिकेल, असे मी धरून चाललो होतो. दुपारी दोनच्या सुमारास कचेरीतील गर्दी ओसरते. त्या वेळी माझे पाय आपोआप गल्लीकडे वळतात. शटरपर्यंत जातो, कुलूप पाहतो आणि परत येऊन टेबलाशी बसतो. चहावाला आता विचारतही नाही, एकच कप आणून ठेवतो. गावात माझ्या ओळखीची माणसे शेकड्याने आहेत. "रशीदभाई गेले म्हणे, चांगला माणूस होता," असे ती मला म्हणतात आणि लगेच सातबाऱ्याच्या नकलेचे विचारतात. ज्याच्यापाशी बसून काहीही न लिहिता वेळ जावा, असा माणूस मला एकच होता, हे मला एकविसाव्या दिवशी कळते आहे.

तुमच्या माझ्या ओळखीला कारण झाले ते एक रुपयाचे नाणे. तुम्ही कानातल्यांना, मंगळसूत्राच्या वाट्यांना, देवाच्या टाकांना मुलामा द्यायचे. मी माझ्या पत्नीच्या पाटल्या पॉलिश करायला आणल्या होत्या. मजुरी देताना खिशातून एक नाणे निघाले, कडेला पिवळसर, मग तपकिरी, मध्ये जांभळे आणि निळे. मी ते तुमच्यासमोर मोठ्या ऐटीने धरले. एका फेरीवाल्याने सांगितलेले मी ऐकले होते, की असे रंगीत नाणे म्हणजे टांकसाळीची चूक आणि त्याला लाखाची किंमत.

तुम्ही ते उन्हात तिरपे धरले. "कुठून आलं हे?"

"बाजारातून. टांकसाळीतली चूक आहे ही."

"टांकसाळीनं काई चूक नाई केली बे. हे पोलादी नाणं हाये. आगीतून आलं. पोलाद तापलं का पयले पिवळं पडते, मंग जांभळं, मंग निळं. कोण्या चुलीत पडलं अशीन, नाई तं सरणात." तुम्ही ते माझ्या तळहातावर परत ठेवले. "सरणातलं अशीन तं कोनाच्या तरी तोंडातलं हाये. नीट ठेव."

ते नाणे मी टेबलावर ठेवून पळून जाणार होतो, हे तुम्हाला तेव्हाच कळले असावे. तुम्ही हसलात आणि ते स्वतःकडे ठेवून घेतले. तेव्हापासून माझ्या हाती जे जे विचित्र नाणे आले, ते मी तुमच्याकडे आणू लागलो. अर्जदार मला फीमध्ये नाणी द्यायचे. शेतकऱ्यांच्या, हमालांच्या, भाजीवाल्या बायांच्या कनवटीतून निघालेली नाणी. इतकी नाणी सहसा कोणाच्या हाताखालून जात नाहीत. तुम्ही त्यांचे हकीम आणि मी त्यांना तुमच्याकडे पोहोचवणारा.

तुमच्या अम्मीचे पितळी पानदान तुम्ही त्यासाठी रिकामे केलेत. काताचा कप्पा आगीच्या नाण्यांना. चुन्याचा कप्पा तेजाबाने, म्हणजे आम्लाने, खाल्लेल्या नाण्यांना. तिसऱ्यात मातीची, म्हणजे नांगराखाली सापडलेली, काळ्या मातीने खाऊन हिरवी-काळी झालेली. चौथा कप्पा फक्त टांकसाळीचा, आणि तो भरायला तुम्ही सर्वांत कंजूष. नव्याने घासून चकचकीत केलेल्या ठशातून पडलेली पहिली काही नाणी आरशासारखी लखलखतात. तशी तीन होती. ठशाच्या खाचेत तेल-वंगण साचल्याने अक्षरे बुजलेली दोन होती. बाकी मी आणलेली डझनावारी नाणी तुम्ही त्या कप्प्याच्या दारातूनच परत पाठवलीत. आणि पाचवा, सुपारीचा कप्पा, "मालूम नाई" यासाठी. तुमच्या हुन्नराचा माणूस "मालूम नाई" असा स्वतंत्र कप्पा ठेवतो, याचे मला तेव्हा हसू यायचे. माझ्या धंद्यात त्या दोन शब्दांना जागाच नव्हती.

तुमचा नियम एकच होता, आणि तो तुम्ही मला वीस वर्षे शिकवलात. "मुन्शी, रंग कोनता हे नंतर पाह्य. पयले हे पाह्य, का डाग ठशाच्या आधीचा हाये का नंतरचा." ठशाच्या आधी चकतीला जे झाले ते ठसा पडताना अक्षरांसोबत दबते, ताणले जाते. ठशानंतर जे झाले ते अक्षरांच्या वर बसते, खाचांत साचते, उंचवट्यावर झिजते. भिंग डोळ्याला लावून तुम्ही मला सिंहाच्या जिभेपर्यंत दाखवायचे. मी मान हलवायचो. निम्म्या वेळी मला काहीही दिसत नसे. हे आज कबूल करतो.

एक वाद आपला राहून गेला. तो आता मिटणार नाही, तरी लिहून ठेवतो. दुसरबीडच्या एका अर्जदाराने दिलेले दोन रुपयांचे नाणे, सर्वत्र सारखा फिकट सोनेरी रंग, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. या वेळी मात्र उलटे झाले. मी म्हणालो, हा कोण्या मुलाम्यावाल्याचा हात. तुम्ही म्हणालात, नाही, हा रंग ठशाच्या आधीचा, टांकसाळीच्या भट्टीतच चकती जरा जास्त तापली आणि धुतल्याविना पुढे गेली. मी चहाच्या टपरीवर, पंचायतीचे दोन सदस्य बसलेले असताना, आवाज चढवून म्हणालो की तुम्हाला आपल्या धंद्याची चोरी झाकायची आहे. ते मी गमतीने म्हणालो होतो, निदान तसे म्हणावे असे मला वाटत होते.

तुम्ही चहाचा घोट घेतलात आणि टपरीला ऐकू जाईल असे बोललात, "याले अक्षर चांगलं येते. धातू नाई येत. अर्जात लिहिलं का खरं होते, असं वाटते याले."

सगळे हसले. सदस्यही हसले. मीही हसलो. त्यानंतर आठ दिवस मी गल्लीत आलो नाही.

त्या आठ दिवसांतच ते घडले, रशीदभाई. म्हणून हा कागद.

यात्रेआधीचे दिवस होते. बाजारात एकाएकी तांबूस नाणी दिसू लागली. पाचाची नाणी सोनेरी राहिली नव्हती, गुलाबट झाली होती. आणि रुपया-दोन रुपयांची पांढरी नाणी तर चक्क तांब्याची असावीत तशी. दुकानदार ती घेईनात. किराणावाले दामूशेठ मूठभर नाणी घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्यांचे म्हणणे इतकेच होते, "मुन्शीजी, हे चालतात का नाई चालत, एवढं साहेबाले विचारून द्या ना. गिऱ्हाईक माह्याशी भांडून राह्यले."

एवढेच. "चालतात का नाही." दोन ओळींचा अर्ज.

मी पाऊण पानाचा केला. सदर नाण्यांवर तांब्याचा मुलामा चढविण्यात आल्याचे दिसते, असे मी लिहिले. जस्त, तेजाब, मुलामा, पोलादी चकती, तुमच्या दुकानात बसून कानावर पडलेला एकूण एक शब्द मी त्या पाऊण पानात बसवला. आणि मग जी ओळ माझ्या प्रत्येक अर्जात असते, बांधाचा दगड सरकला तरी असते, विजेचे मीटर जळले तरी असते, ती लिहिली: सदर कृत्य तज्ज्ञ हाताच्या मदतीखेरीज शक्य नाही, सबब अशा इसमांची सखोल चौकशी व्हावी. या वेळी "तज्ज्ञ हाताच्या" आधी मी तीन शब्द वाढवले. रसायनाचे ज्ञान असलेल्या.

या गावात रसायनाचे ज्ञान असलेला हात कितीजणांचा होता?

ती ओळ सवयीची होती, असे मी तीन वर्षे स्वतःला सांगत आलो. माझ्या धंद्यातील कोणालाही विचारा, चौकशीच्या मागणीवाचून अर्ज पुरा वाटत नाही. मिठावाचून वरण असावे तसा वाटतो. परंतु ते तीन शब्द सवयीचे नव्हते. ते मी थांबून, पेन उचलून, विचार करून वाढवले. तुमच्याच नियमाने पाहिले, तर सवय ही वरून बसलेली होती. टपरीवरच्या हसण्याचा राग मात्र ठशाच्या आधीचा होता. कागदावर ठसा पडला तेव्हा तो आतच होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दोन शिपाई तुम्हाला घेऊन कचेरीसमोरून गेले. एकाच्या हातात तुमच्या तेजाबाची बरणी होती, दुसऱ्याच्या हातात बॅटरी चार्ज करायचे ते यंत्र, ज्यावर तुम्ही मुलामा द्यायचे. तुमच्या अंगावर कामाचाच सदरा होता, बाहीला भुसा चिकटलेला. तुम्ही माझ्या टेबलाकडे पाहिलेत. मी मान खाली घातली आणि लिहू लागलो. समोर कोरा कागद होता आणि मी त्यावर खरोखरच काहीतरी लिहीत होतो, नुसत्या रेघा, एकीखाली एक. तुम्ही पुढे गेल्यावरही बराच वेळ.

दुपारी चारला तुम्हाला सोडले. तुम्ही ठाण्यात काय केले ते मला नंतर हवालदाराकडून कळले. त्या तांबूस रुपयाला तुम्ही लोहचुंबक लावून दाखवलेत. तो टपकन चिकटला. मग राखेने घासलात, तर खालून पांढरे पोलाद निघाले. नाणे खरे आहे, वर फक्त तांब्याचे पापुद्र्याएवढे पांघरूण आहे, कोणी मुद्दाम दिलेले नाही, असे तुम्ही सांगितलेत. बँकेच्या खजिनदारानेही तोच निर्वाळा दिला. ती नाणी कोणी धुतली, ते मात्र तुम्ही सांगितले नाही. ठाऊक नाही, म्हणालात.

तुम्हाला ठाऊक होते.

ते मला सहा महिन्यांनी कळले. देवळाच्या आवारात झाडलोट करणाऱ्या वच्छलाबाई निराधार योजनेचा अर्ज लिहायला माझ्याकडे आल्या. अर्ज लिहिता लिहिता त्या सहज बोलून गेल्या. यात्रेआधी कुंड उपसले, की तळाची शेवाळलेली नाणी धुऊन दानपेटीत टाकायचे काम त्यांचेच. त्या वर्षी त्यांना वाटले, लख्ख करावीत. संडास धुवायच्या तेजाबाच्या दोन बाटल्या आणल्या आणि सगळी नाणी एकाच बादलीत रात्रभर ठेवली.

"सकाळी पायते तं सारे तांबडे. मी तं भ्याली. देवीचा कोप झाला म्हनलं. कोनाले सांगतलं नाई. मंग थे बाजारात गेले आन् बोभाटा झाला." त्यांनी पदराने तोंड पुसले. "थो मुलाम्यावाला भाई हाये ना, थो आला एक दिवस झाडाखाली. मले म्हने, बाई, पाचाच्या नान्यात जस्त अन् तांबं दोन्ही राह्यते. तेजाबानं जस्त खाल्लं, तांबं उघडं पडलं. थोडं तांबं पान्यात सुटलं, थे रुपयाच्या पोलादावर जाऊन बसलं. देवी-बिवी काई नाई. पुढच्या बारीले रिठ्यात धुवा, आन् कोनाले सांगू नका. तुमचं काम जाईन."

"तुम्हाला त्यांनी हे कधी सांगितलं?"

"त्याले पोलिसानं नेलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

नाण्यांबद्दलचा तुमचा शेवटचा धडा मला असा मिळाला, वच्छलाबाईंच्या तोंडून, निराधाराच्या अर्जाच्या फीमध्ये. तुम्ही स्वतः मला तो दिला नाहीत. ज्या गल्लीत तुम्ही पूर्वी लांबूनच ओरडायचे, "मुन्शी, ये बे इकडं, काय सापडलं पाह्य!", त्या गल्लीत तुम्ही मला त्यानंतर कधी हाक मारली नाही. दार कधी बंद केले नाही, हेही खरे. मी आलो की स्टूल पुढे सरकवायचे. "चहा घे," म्हणायचे. आपण पावसाचे बोलायचो, कापसाच्या भावाचे बोलायचो, तुमच्या गुडघ्याचे बोलायचो. पानदान तुमच्या पाठीमागच्या फळीवर असायचे. तीन वर्षे मी त्याच्याकडे पाहत चहा प्यायलो. ते उघडा, असे म्हणण्याची माझी छाती झाली नाही. कारण ते उघडले असते, तर आधी मला तोंड उघडावे लागले असते.

हजारो लोकांना मी कबुलीजबाब, माफीपत्रे, दिलगिरीचे खुलासे लिहून दिले आहेत. गावच्या तलाठ्याचा माफीनामा लिहिताना माझे अक्षर एवढे देखणे येते, की साहेबांनी त्याची नक्कल मागवली होती. तोच मी तुमच्या दोन फुटांवर बसून तीन शब्द जुळवू शकलो नाही.

तुम्हाला छातीचे दुखणे लागले, खामगावच्या दवाखान्यातून घरी आणले, तेव्हा मी भेटायला आलो होतो. भाभी आत गेल्या. तुम्ही उशीवर मान वळवलीत.

"मुन्शी, काई सांगाचं हाये काय?"

किती सोपे करून दिले होते तुम्ही! मसुदाच तयार करून दिला होता, मी फक्त अंगठा लावायचा होता. आणि मी म्हणालो, "तुम्ही आराम करा." तुम्ही डोळे मिटलेत. मिटल्या डोळ्यांनीच म्हणालात, "हाव. करतो."

त्या भेटीनंतर आपण बोललो नाही.

परवा मी एक अर्ज लिहिला. ठाणेदार साहेबांच्या नावाने, अर्जदार मी स्वतः. त्यात मी लिहिले की तीन वर्षांपूर्वीच्या तांबूस नाण्यांच्या अर्जातील तज्ज्ञ हाताची ओळ अर्जदार दामूशेठ यांच्या सांगण्यावरून नव्हे, तर माझ्या मनाने घातली होती; तीत तथ्य नव्हते; ती मी रागाच्या भरात लिहिली; आणि त्या अर्जातील रसायनाची सर्व माहिती मला रशीदभाई यांच्याच दुकानात, त्यांच्या मैत्रीत, वीस वर्षांच्या बोलण्यातून मिळाली होती. चौकशीची मागणी केली नाही. फक्त एवढेच लिहिले, की हे त्यांच्या कागदाला जोडून ठेवावे.

तो घेऊन आधी भाभींकडे गेलो. त्या ओट्यावर सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळा अर्ज वाचून दाखवला. त्यांचा हात थांबला नाही.

"त्यायले मालूम होतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्याच दिवशीपासून. ठान्यातून आले, पाय धुतले, आन् म्हने, कागद मुन्शीचा होता, माह्यासमोरच वाचला. मी म्हनलं, जा, विचारा त्याले काऊन लिहिलं. तं म्हने, नाई. तो येईन सांगाले."

मी अर्जाची घडी घातली.

"तुम्ही रोज येत होते, भाईसाब," भाभी म्हणाल्या. "रोज चहा पेत होते."

त्यांनी तुरीतला एक खडा उचलून अंगणात फेकला. मी विचारले की हा अर्ज देऊ का. त्यांनी पहिल्यांदा वर पाहिले. "द्या नाई तं नका देऊ. माह्यासाठी नका देऊ. मले आता कायले पाहिजे कागद?" मग सुपाकडे पाहत, स्वतःशीच बोलावे तसे, "त्यायच्यासाठी द्याचं असन तं द्या. थे वाट पाहत होते, मी नाई."

आज सकाळी ठाण्यात गेलो. हवालदार तेच आहेत, आता केस पांढरे झालेले. त्यांनी अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला. "मुन्शीजी, मानूस गेला. मामला तेव्हाच निकाली निघाला. हे कायले उकरून राह्यले?"

"जोडून ठेवा," मी म्हणालो.

"जोडाचं कशाले, थांबा, तुम्हाले एक दाखवतो." कपाटातून त्यांनी धुळीचा एक गठ्ठा काढला, दोरी सोडली, आणि एक कागद बाहेर ओढून माझ्यासमोर धरला. तुमचा जबाब. मी लिहिलेल्यापेक्षा वाईट अक्षरात, पण तुमचा. खाली तुमची वळणदार उर्दू सही.

मी शेकडो जबाब वाचले आहेत. त्यांची भाषा मला पाठ आहे. असे असून हा मी तीनदा वाचला. अर्ज लिहिणाऱ्यास रसायनाची एवढी माहिती कोठून मिळाली, असे तुम्हाला विचारलेले होते. त्यावर तुमचे उत्तर असे नोंदलेले आहे: सदर अर्ज लिहिणारे मुन्शी हे वाचनाची आवड असलेले जाणकार इसम असून त्यांनी सदर माहिती पुस्तकांतून मिळवली असावी. माझा व त्यांचा नाण्यांविषयी आजवर कधीही संवाद झालेला नाही.

"साहेबाले तेव्हा वाटत होतं," हवालदार म्हणाले, "का तुम्ही दोघं मिळून काई धंदा करता. एकानं रंग द्याचा, दुसऱ्यानं कागद लिहाचा, मंग वाटनीवरून बिनसलं अशीन. थो हो म्हनला असता ना, तुम्हालेबी बसवलं असतं त्याच्या बाजूले. चार बारी विचारलं त्याले. चारी बारी नाई म्हनला."

मी मान खाली घालून कोऱ्या कागदावर रेघा ओढत होतो, त्याच तासाला तुम्ही तिथे बसून आपली वीस वर्षे सरकारी कागदावरून पुसून टाकत होता. आगीचा कप्पा, तेजाबाचा कप्पा, भिंगातून दाखवलेली सिंहाची जीभ, सरणातले नाणे, मिटला नाही तो वाद: कधीही संवाद झालेला नाही. वर मला जाणकार इसम म्हणालात. ज्याला धातू येत नाही, असे तुम्ही थोड्याच दिवसांपूर्वी भर टपरीवर बोलला होतात, त्याला.

हवालदारांनी माझा अर्ज परत पुढे सरकवला. "पाहा बा. हे लावलं, तं त्याचा जबाब खोटा पडते. मेलेल्या मानसाले खोटं पाडता काय?"

खरेच होते ते. माझ्या धंद्यातील कोणत्याही शहाण्या माणसाने तो कागद उचलून खिशात घातला असता. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मी अर्ज नेला नाही तर तुमचा शब्द टिकत होता, आणि त्या शब्दाप्रमाणे मी तुमचा कोणीच नव्हतो. ठेवला तर तुम्ही खोटे ठरत होता, पण निदान एका सरकारी फायलीत तरी असे नमूद होत होते, की एक मुलाम्यावाला आणि एक मुन्शी रोज दुपारी दोन वाजता नाण्यांवर भांडत असत.

मी अर्ज ठेवला. हवालदारांनी मान हलवून त्याला भोक पाडले आणि तुमच्या जबाबाच्या मागे दोरीत ओवला. तुमच्या सहीच्या पाठीला माझा अर्ज अगदी चिकटून बसला आहे.

रशीदभाई, त्या फायलीतला एक कागद आता खोटा आहे. ती उघडून कोणी साहेब कोणता ते विचारील, असे मला वाटत नाही. पण विचारलेच, तर मसुदा करणार नाही, सबब लिहिणार नाही, उभा राहून तोंडीच सांगीन: साहेब, त्याचा खोटा हाये. माह्यासाठी बोलला थो.